सहा पोरं कुणी वाढवली?

बारसं असो, हळदीकुंकू असो, नाहीतर लग्नाच्या हॉलमधली पंगत असो, कोल्हापुरात चार वडीलधारी माणसं जमली आणि समोर एखादी तरुण आई रडक्या पोराला खांद्यावर घेऊन हैराण झालेली दिसली, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘आम्ही सहा-सहा पोरं वाढवली, शेजाऱ्याला कळलंसुद्धा नाही. ह्यांना एकात दम लागतोय.’ मग त्याच्या मागून बाकीचं सगळं येतं. आताच्या पोरींना सोसत नाही, नोकरीचं खूळ डोक्यात बसलंय, पोरगं रडलं की हातात मोबाईल देतात, डब्यात नूडल्स कोंबतात, आणि नवरा बिचारा भांडी घासतोय. ऐकणारी पोरगी काही बोलत नाही. बोलली तर उलट बोलली म्हणून वेगळं ऐकावं लागतं.

मी हे बोलणाऱ्यांच्याच पिढीतली आहे. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी केली, मुलं वाढवली, आता नातवंडं सांभाळते. त्यामुळं या पोरींच्या वतीनं उत्तर द्यायचा मला हक्क आहे असं मी समजते. आमच्या पिढीचा हा दावा खरा नाही. तो अर्ध्या आठवणीवर उभा आहे. त्यानं तरुण बायकांची मनं दुखावतात हे तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान असं, की सगळा दोष एकदा आईच्या पदरात टाकला की बाकी कुणालाच काही करावं लागत नाही. नवऱ्याला नाही, मालकाला नाही, महापालिकेला नाही.

आमच्या घरापासूनच सांगते. शिवाजी पेठेतलं जुनं घर, पुढं सोपा, मधे माजघर, मागं परसू. आम्ही सहा भावंडं. आई होतीच; शिवाय आजी, दोन चुलत्या, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली आत्या, आणि भिंतीला भिंत लागून शेजार. उन्हाळ्यात वर्षाची चटणी व्हायची तो दिवस मला लख्ख आठवतो. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आधीपासून उन्हात पडलेली असायची. सकाळी चूल पेटली की एकजण धणे-तीळ भाजायची, एकजण खोबरं किसायची, दोघी लसूण सोलत बसायच्या. कांदा परतायचं काम आजीचं, कारण तो किती तांबूस झाला की उतरवायचा हे तिलाच कळायचं. मिरची तव्यावर पडली की गल्लीभर ठसका उठायचा आणि आम्ही पोरं नाकातोंडाला फडकं बांधून बाहेर पळायचो. डंकावरून कुटून आणलेली चटणी कांदा-लसणाच्या वाटणात कालवून बरणीत दाबून भरेपर्यंत दिवेलागण व्हायची. त्या दिवसभरात सगळ्यात धाकट्याला कुणी भरवलं, कुणी झोपवलं, पायरीवरून पडल्यावर कुणी उचललं, हे आईला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. कुणीतरी घेतलेलं असणार, याची तिला खात्री होती.

सहा पोरांमागं घरात पाच बायका होत्या, हा हिशेब ‘आम्ही वाढवली’ म्हणताना कुणी मांडत नाही. आई दमायची नाही असंही नव्हतं. ती दमली की दुसरी उठायची, म्हणून तिचं दमणं दिसायचं नाही. आज कळंब्याला किंवा पाचगावला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरीला ताप आला तर दुसरी कोण उठणार? तिची सासू गावाकडं म्हशींपाशी आहे, आई दुसऱ्या जिल्ह्यात आहे, आणि समोरच्या फ्लॅटला सकाळी नऊ वाजताच कुलूप लागतं.

आता त्या घरातली जी गोष्ट आमची पिढी कधीच सांगत नाही, ती सांगते. माझ्या पाठच्या दोघांना वाढवलं ते अक्कानं. अक्का आम्हा सगळ्यांत थोरली. चौथी झाली आणि तिची शाळा सुटली. कुणी तिला शाळेत जाऊ नको असं म्हणालं नाही. घरात लहान मूल होतं, आईला पुन्हा दिवस गेले होते, आणि अक्काचा हात मोकळा होता, एवढंच. गल्लीत पोरी जिबली खेळायच्या तेव्हा अक्काही खेळायची, पण कडेवर भाऊ घेऊन, एका पायावर तोल सांभाळत. तिच्या पाठीवर आम्ही शिकलो. मी शिक्षिका झाले, एक भाऊ बँकेत लागला. अक्का आजही सही करते, पण बँकेतला अर्ज भरायचा झाला की नातवाला हाक मारते. ‘शेजाऱ्याला कळलंसुद्धा नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा अशा अक्कांना विचारावं. त्यांना चांगलंच कळलं होतं.

पुढं शाळेत नोकरीला लागल्यावर ही अक्का मला दर वर्षी दिसायची. हजेरीपटावर ठराविक मुलींच्या नावापुढं गैरहजेरी साठत जायची. घरी निरोप धाडला की दुसऱ्या दिवशी पोरगी यायची, कडेवर वर्षा-दीड वर्षाचा भाऊ. ‘बाई, आई कामाला जातीया, ह्याला कुठं ठेवू?’ मी त्याला माझ्या खुर्चीशेजारी बस्करावर बसवायची. तो खडू चघळायचा, मधेच रडायचा, आणि त्याची बहीण पाढे म्हणता म्हणता त्याच्याकडं बघत राहायची. वर्गात असूनही ती कामावरच असायची.

हे कोडं आपल्याकडच्या दोन बायकांनी फार पूर्वी ओळखलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत, याचं एक कारण त्यांच्या लक्षात आलं: मोठी भावंडं धाकट्यांना राखत बसलेली असतात. त्यांनी पालकांना नावं ठेवली नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहिणीनं भावाला घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि आपण वर्गात जाऊन बसावं. इतका साधा आणि इतका शहाणा उपाय महाराष्ट्राच्या मातीत निघाला आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला एकाही सरकारी शाळेच्या आवारात तो दिसला नाही.

‘सहा वाढवली’ या बोलण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ती बोलायला जड आहे, पण बोलायला हवी. वाढलेली सहा होती. जन्मलेली किती होती? आमच्या आईला विचारलं तर ती आठ सांगायची, आणि मग गप्प व्हायची. १९७१ मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रात १६ वर. हे आपोआप घडलेलं नाही. लसी आल्या, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आरोग्यसेविका दारोदार फिरल्या, आणि ज्यांना आपण बेफिकीर म्हणतो त्या आयांनी लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलं, तारीख पाळली, रात्री-अपरात्री ताप मोजला. पूर्वी ‘देवाची मर्जी’ म्हणून जे सोडून दिलं जायचं, त्याची काळजी आता आई करते. ती काळजी म्हणजे नाजूकपणा नव्हे. त्या काळजीमुळंच ती पोरं आज अंगणात धावताहेत.

मुलं कमी झाली हे खरंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १९९२-९३ मध्ये २.९ होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आलेला आहे. पण मुलं जशी कमी झाली तसे चुलते, आत्या, मावश्याही कमी झाल्या. शिवाय मूल वाढवणं म्हणजे खाऊ घालून अंगाखांद्यानं मोठं करणं, एवढंच काम आता उरलेलं नाही.

आमच्याच घरातली गेल्या आषाढातली रात्र सांगते. मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, पहिली पाळी असली की घरातून सहाच्या सुमाराला निघतो. सून एका खाजगी प्रयोगशाळेत आहे. रात्रीची जेवणं आटपली, उद्याची कणीक मळून झाली, आणि शाळेचा निरोप फोनवर आला: उद्या बेंदूर, प्रत्येकानं मातीचा बैल करून आणायचा. घड्याळात साडेनऊ. सुनेचा चेहरा बघवेना. दिवसभर उभं राहून काम करून आलेली पोरगी, पहाटे पाण्याला उठायचं, आणि आता माती कुठून आणायची? नातीनं तर रडायलाच सुरुवात केली. मुलगा काही न बोलता गाडी काढून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेला. ओळखीच्या घराचं दार वाजवून ओंजळभर मळलेली माती घेऊन आला.

पुढचा तास आमच्या घरात जो गेला तो मी विसरणार नाही. वर्तमानपत्र पसरून चौघं जमिनीवर बसलो. मुलानं धड केलं, पाय मात्र उभे राहीनात. सुनेनं काड्यापेटीच्या काड्या घालून ते उभे केले. शिंगं मी वळली. वशिंड नातीनं केलं आणि ते इतकं मोठं झालं की बैल मागं कलंडायला लागला. ‘असाच असतोय बैल!’ म्हणून ती अडून बसली. मग त्या वशिंडाला धरून सगळा बैलच पुन्हा मोठा केला. हळदीकुंकवानं रंगवला, लोकरीची झूल घातली. सकाळी दप्तर बापाच्या हातात देऊन ती बैल दोन्ही हातांत धरून निघाली. ‘मी येतो गं आज्जी, बैल पडू देत न्हाई,’ म्हणाली. तिच्या आईची रात्रीची झोप पाच तासांचीही झाली नव्हती, आणि तरी दारात उभी राहून ती हसत होती.

शाळेनं असा निरोप आदल्या आठवड्यात द्यावा, हे मी शिक्षिका म्हणून ठामपणे सांगते. पण ती रात्र आनंदाची का झाली, याचं कारण बघा. चार माणसं घरात होती. बाप उठून गेला. आजी बसली. तोच निरोप त्याच रात्री एकट्या आईच्या फोनवर आला असता, नवरा दुसऱ्या पाळीला आणि पोर कडेवर असतं, तर त्याच मातीच्या बैलावरून घरात रडारड झाली असती आणि सकाळी आपण म्हटलं असतं, हिला एवढंसुद्धा जमत नाही. आई तीच, मूल तेच. फरक माणसांचा आणि वेळेचा.

म्हणून सुरुवातीला सांगितलेलं ‘नवरा बिचारा भांडी घासतोय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणूस दिवसाचे चोवीस तास कशात घालवतो, हे घरोघर विचारलं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि हे ‘करणारे’ पुरुष होते शंभरात सव्वीस. उरलेल्या चौऱ्याहत्तर जणांनी त्या दिवशी घरकाम काहीच केलं नव्हतं. बायकांत मात्र शंभरातल्या एक्क्याऐंशी जणी करत होत्या. बिचारा कुणाला म्हणायचं, हे या आकड्यांवरून ठरवा. मोतीबाग तालमीत, गंगावेशीच्या तालमीत घाम गाळून घडलेलं हे शहर आहे. ज्या हातांनी आपण जोर मारले, गदा फिरवली, त्या हातांना पोराचं लंगोट धुताना कमीपणा वाटावा, हे त्या मेहनतीलाही शोभत नाही. माझा मुलगा भांडी घासतो. मी त्याला तसं वाढवलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दुसरा आरोप नोकरीचा. आई घरात असायची म्हणून पोरं सरळ निघाली, असं म्हणतात. कुठल्या घरात असायची आई? आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत ती नुसती घरात बसून होती? पहाटे उठून म्हशीचं शेण काढणारी, वैरणीचा भारा डोक्यावर आणणारी, उसात भांगलणीला जाणारी, मंडईत भाजी घेऊन बसणारी आई कामावरच होती. गोकुळ दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला, आज त्याचं नाव मुंबई-पुण्यापर्यंत आहे. त्या दुधामागं गावोगावच्या आयांची पहाट आहे. फक्त तिच्या कामाला नोकरी म्हणत नव्हते आणि पगार तिच्या हातात पडत नव्हता. आज पगार तिच्या खात्यावर येतो, तेव्हाच आपल्याला पोरांची आबाळ का दिसायला लागली, याचा आमच्या पिढीनं स्वतःशी विचार करावा.

आणि पगारी नोकरी करणारी आईसुद्धा कोल्हापूरला नवी नाही. रखमाबाई केळवकर शाहू महाराजांच्या काळात संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचा कारभार बघत होत्या. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली, पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाऊन आली आणि आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो त्या दवाखान्यात तिनं इथल्या बायकांवर उपचार केले. सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरात नोकरदार आईची मुलगी अशी घडली. मग आजच्या नर्सची, कंडक्टरची, क्लार्कची पोरं आई कामाला जाते म्हणून बिघडतील, हे कुठल्या अनुभवावर सांगता?

मोबाईलचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दोन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात पडदा देऊच नये. त्यापुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलेलं आहे. माझ्या सुनेला हे माझ्या आधीपासून माहीत आहे. पण कुकरची शिट्टी होतेय, दूध उतू चाललंय, दीड वर्षाचं पोर गॅसकडं धावतंय आणि घरात तिसरं माणूस नाही, अशा दहा मिनिटांत तिनं काय करायचं, याचं उत्तर टीका करणाऱ्यानं द्यावं. आम्ही पोरांना ‘जा, बाहेर खेळ’ म्हणायचो. आज पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि मधून रिक्षा जाते. ज्या गल्लीत आमचा फुटबॉल चालायचा तिथं आता पोराचा हात सोडायची सोय नाही. गल्ल्या आपण गाड्यांना दिल्या. त्या देताना कुणी पोरांचा विचार केला नव्हता.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले त्याकडं येते. पोरं वाढवणं ही एकट्या घराची जबाबदारी आहे, असं कोल्हापूरनं मानलेलंच नव्हतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. खेड्यातल्या गरिबाच्या पोराला शहरात कोण जेवू घालणार, कोण रात्री अंगावर पांघरूण घालणार, हा प्रश्न एका राजानं आपला मानला. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सक्ती केली, पण आधी शाळा दिली. नुसता उपदेश करून महाराज थांबले असते तर त्यांचं नाव आज आपण घेतलं नसतं.

तोच हिशेब आज लावू. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, अंगणवाड्या आल्या, त्यांनी फार मोठं काम केलं. पण अंगणवाडीत मूल बसतं ते तीन वर्षांचं झाल्यावर, आणि तेही काही तासच. त्याआधीची तीन वर्षं, म्हणजे जेव्हा आईला हाताची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा, काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात पुढं दुरुस्ती होऊन तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघराची अट आली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील त्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. कागदावर चांगलंच आहे. पण लक्ष्मीपुरीतल्या दुकानात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये पन्नास माणसं कुठून आणायची? तिथं सहा-सात जण असतात, त्यातल्या दोन बायका. आपल्या शहरातल्या कामकरी आया बहुतेक अशाच ठिकाणी आहेत. कायदा त्यांच्या डोक्यावरून जातो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत असं ठरवलं. लेकरांच्या झोपेसाठी हा निर्णय योग्यच होता. सातच्या शाळेत डोळे चोळत बसलेली मुलं मी बघितली आहेत. पण त्याच घरातला बाप सातच्या पाळीला आणि आई साडेआठला बाहेर पडते, तर मधल्या वेळात पोराला शाळेत कोण पोचवणार, हे ठरवायचं राहूनच गेलं. मग त्याचा भार आजी-आजोबांवर, नाहीतर कोंबून भरलेल्या रिक्षावर. आणि जिथं आजी नाही तिथं आईनं नोकरी सोडायची. अशा नोकरी सोडलेल्या पोरी मी माझ्या गल्लीतच दाखवू शकते. त्यांतल्या एकीनं माझ्या वर्गात गणितात पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

मनावर घेतलं तर हे शहर काय करतं, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी बघितलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाळा आणि मंगल कार्यालयं माणसांनी भरली. त्या दिवसांत कुणाचं पोर कोण भरवतंय, हे कुणी विचारत नव्हतं. ओळख ना पाळख अशा बायका दुसरीच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या, आणि त्या तान्ह्याची आई तासभर झोपत होती. तिला कुणी म्हणालं नाही की आम्ही सहा वाढवली. तेवढी समज पुरात आली तर कोरड्या दिवसांत का येऊ नये?

तरुण पोरींना एकच सांगते. मुलं म्हणजे नुसती कटकट, असं तुम्हांला कुणी सांगत असेल तर तेही मानू नका. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून पांढऱ्या मिशा घेऊन फिरणारं पोर, टेंबलाईच्या जत्रेला डोक्यावर पाण्याचा कलश घेऊन ताठ मानेनं चालणारी लेक, गाडीवर पुढं उभं राहून वाऱ्यावर पाढे म्हणणारा लेक, या सुखाला तोड नाही. ते सुख तुमच्या वाट्याला दमल्या डोळ्यांनी येऊ नये, एवढ्यासाठीच हे भांडण आहे. मदत मागायची लाज वाटून घेऊ नका. आम्हीही मदतीवरच पोरं वाढवली.

आणि माझ्या पिढीतल्या सगळ्यांना, खास करून पेन्शन घेऊन रंकाळ्यावर सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्या धडधाकट आजोबांना विनंती आहे. पुढच्या बारशाला ते वाक्य तोंडातच ठेवा. त्या पोरीच्या हातातलं मूल घ्या आणि तिला निवांत जेवू द्या. आठवड्यातून दोन सकाळी नातवाला शाळेत पोचवायचं काम अंगावर घ्या. आणि तुमच्या प्रभागात मत मागायला जो कुणी दारात येईल त्याला गटार आणि रस्ता यांच्या आधी हे विचारा: आमच्या पेठेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर कुठं उघडणार, सकाळी किती वाजता उघडणार, संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालवणार? आणि त्याचं उत्तर लेखी घ्या.